ऑलिव्हर लाउरी यांचे शोधनिबंध आणि त्यांची उद्धरणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा फार्मसी या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना संशोधकाची ‘सायटेशन’ म्हणजे उद्धरणे, एच-इंडेक्स आणि इम्पॅक्ट फॅक्टर हे शब्द पहिल्याच वर्षी कानावर पडतात. पण या आकड्यांवरून संशोधकाबद्दल काय ठरवता येते आणि काय ठरवता येत नाही, हे क्वचितच कोणी समजावून सांगते. ते समजून घ्यायला ऑलिव्हर लाउरी यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही, म्हणून येथील बहुतेक उत्तरे त्यांच्याच प्रकाशनांच्या आधारे दिली आहेत.

ऑलिव्हर लाउरी कोण होते?

ऑलिव्हर लाउरी यांचा जन्म १९१० मध्ये शिकागो येथे झाला. १९३७ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठातून वैद्यकाची पदवी आणि पीएचडी अशा दोन्ही पदव्या मिळवल्या. त्यानंतर काही वर्षे हार्वर्डमध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या पब्लिक हेल्थ रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये काम करून १९४७ मध्ये ते सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. हे पद त्यांनी १९७६ पर्यंत सांभाळले आणि १९५५ ते १९५८ या काळात ते तेथील अधिष्ठाताही होते. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. विभाग औषधशास्त्राचा असला तरी त्यांचा खरा ध्यास अत्यंत सूक्ष्म प्रमाणातल्या पदार्थांचे अचूक मोजमाप हा होता, आणि पुढच्या सगळ्या उत्तरांची किल्ली तिथेच आहे.

त्यांचा सर्वाधिक उद्धृत शोधनिबंध कोणता, आणि त्याची उद्धरणे किती?

१९५१ मध्ये ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकाच्या १९३व्या खंडात, पृष्ठ २६५ ते २७५ वर प्रसिद्ध झालेला, फोलिन अभिकारक (प्रथिनाबरोबर निळा रंग देणारे रसायन) वापरून प्रथिने मोजण्याच्या पद्धतीचा शोधनिबंध. ‘नेचर’ या साप्ताहिकाने २०१४ मध्ये विज्ञानातील सर्वाधिक उद्धृत १०० शोधनिबंधांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा हा निबंध ३,०५,१४८ उद्धरणांसह पहिल्या क्रमांकावर होता. दुसऱ्या क्रमांकावर लेम्ली यांचा १९७० चा, प्रथिनांच्या विद्युतसंचलनाशी (विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करण्याच्या तंत्राशी) संबंधित निबंध २,१३,००५ उद्धरणांसह होता, आणि तिसऱ्या क्रमांकावर ब्रॅडफोर्ड यांचा १९७६ चा निबंध होता, जो पुन्हा प्रथिने मोजण्याच्याच दुसऱ्या पद्धतीचा आहे. शंभराच्या यादीत शेवटचे स्थान मिळवण्यासाठीसुद्धा १२ हजारांहून अधिक उद्धरणे लागत होती. म्हणजे पहिले तिन्ही निबंध उद्धृत होतात ते प्रयोगशाळेतल्या पद्धतींसाठी; निसर्गाविषयीच्या नव्या सिद्धान्तासाठी नाही.

त्या निबंधात नेमके काय सांगितले आहे?

एखाद्या नमुन्यात प्रथिन किती आहे, हे रंगाच्या गडदपणावरून ओळखण्याची रीत त्यात दिली आहे. ही रीत विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने करून पाहावी, कारण निबंधाच्या यशाचे कारण परीक्षानळीतच दिसते. नमुन्याच्या ०.२ मिलिलिटर द्रावणात अल्कधर्मी कॉपर द्रावण १ मिलिलिटर घालून किमान दहा मिनिटे थांबायचे, म्हणजे तांबे प्रथिनाच्या पेप्टाइड बंधांशी बांधले जाते. मग फोलिन अभिकारक ०.१ मिलिलिटर घालायचा आणि एक-दोन सेकंदांच्या आत द्रावण नीट ढवळायचे. या पायरीत हयगय केली की प्रयोग बिघडतो, कारण अल्कधर्मी माध्यमात हा अभिकारक फार थोडा वेळ क्रियाशील राहतो. अर्ध्या तासाने निळा रंग पुरता उमटतो आणि तो साधारण ७५० नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजतात. रंग येतो तो तांब्याशी बांधलेल्या पेप्टाइड साखळीमुळे आणि टायरोसिन व ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांमुळे.

फोलिन अभिकारकाने प्रथिने मोजण्याची कल्पना लाउरींची नव्हती. ती जीवरसायनशास्त्रज्ञ वू यांनी १९२२ मध्येच मांडली होती. लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्याची पायरी, द्रावणांचे प्रमाण, वेळा आणि अडचणी यांचा इतका बारकाईने अभ्यास केला की ०.२ मायक्रोग्रॅमइतके अल्प प्रथिनही मोजता येऊ लागले. ही संवेदनशीलता साध्या बाययुरेट चाचणीच्या (केवळ तांब्याच्या रंगावरून प्रथिने मोजणाऱ्या जुन्या पद्धतीच्या) सुमारे शंभरपट आहे. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पद्धतीच्या मर्यादाही त्यांनी त्याच निबंधात स्पष्ट लिहिल्या आहेत: वेगवेगळ्या प्रथिनांत रंगाचे प्रमाण वेगवेगळे असते, आणि रंग प्रथिनाच्या प्रमाणात काटेकोरपणे वाढत नाही. आपल्याच पद्धतीचे दोष इतक्या उघडपणे सांगणारा निबंध आजही दुर्मीळ आहे.

मग तो छापायला १९५१ उजाडायचे कारण काय?

लाउरी ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये असल्यापासून वापरत होते आणि ओळखीच्या संशोधकांना ती माहीतही होती, पण संदर्भ म्हणून देता येईल असे छापील काही नव्हते. त्या वेळी वॉशिंग्टन विद्यापीठातच काम करणारे आणि पुढे १९७१ चे नोबेल मिळवणारे अर्ल सदरलँड यांनी ती प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला, म्हणजे आपल्या लेखात तिचा संदर्भ देता येईल. जगातला सर्वाधिक उद्धृत निबंध कोणाला तरी उद्धृत करायला हवा होता म्हणून लिहिला गेला, हे उद्धरणांचा अभ्यास करणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याला इतकी उद्धरणे का मिळाली?

औषधशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, शेतीविज्ञान यांपैकी कोणत्याही प्रयोगशाळेत विकराची (एन्झाइमची) क्रियाशीलता ‘प्रति मिलिग्रॅम प्रथिन’ अशी सांगावी लागते, ग्राहीला (पेशीवरील रिसेप्टरला) बांधले गेलेले औषधही प्रति मिलिग्रॅम प्रथिन मोजतात, त्यामुळे प्रत्येक लेखाच्या ‘साहित्य व पद्धती’ या भागात ‘प्रथिन लाउरी व सहकारी यांच्या पद्धतीने मोजले’ हे एक वाक्य येणे ओघाने आले. उद्धरण देणाऱ्या लाखो लेखकांपैकी मूळ निबंध किती जणांनी वाचला असेल, हा प्रश्न रास्त आहे. पण त्यातून उद्धरणे खोटी ठरत नाहीत. प्रत्येक उद्धरण एका खऱ्या वापराची नोंद आहे. हा वापर म्हणजे विचारांवरचा प्रभाव असे मानणे मात्र चुकीचे ठरेल.

हा लाउरींचा सर्वोत्तम शोधनिबंध मानावा का?

खुद्द लाउरी तसे मानत नव्हते. हा फार मोठा निबंध नाही हे आपल्याला ठाऊक आहे, पण त्याला मिळणाऱ्या प्रतिसादाने मनातून आनंद होतो, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. पद्धत इतरांपेक्षा थोडी अधिक सोपी आणि संवेदनशील होती आणि प्रथिने तर सगळेच मोजतात, असे त्यांचे साधे स्पष्टीकरण होते.

त्यांच्या कामाची खरी उंची दुसरीकडे आहे. मेंदूच्या गोठवून सुकवलेल्या छेदांतून एकेक चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली हाताने सोडवून घ्यायची, ती क्वार्ट्‌झच्या बारीक तंतूच्या टोकावर ठेवायची, तंतू किती वाकतो त्यावरून तिचे वजन ठरवायचे आणि मग त्या एका पेशीतल्या विकरांचे मोजमाप करायचे, हे तंत्र त्यांनी विकसित केले. श्वासाच्या झुळुकीनेही उडून जाईल असा तो नमुना असतो. मोजायचा पदार्थ इतका कमी की नेहमीच्या पद्धती तिथे हात टेकतात; म्हणून त्यांनी विकरांचे चक्र वापरून संकेत हजारो पटींनी वाढवण्याची युक्ती आणली. जॅनेट पासोनो यांच्यासह त्यांनी ग्लुकोजच्या विघटनातील फॉस्फोफ्रक्टोकायनेज या विकराच्या नियमनाचा अभ्यास केला, आणि रक्तपुरवठा थांबल्यावर मेंदूतील ऊर्जासाठ्याचे काय होते, हे १९६४ च्या निबंधात दाखवले. या दोघांचे विकरांद्वारे विश्लेषणाविषयीचे पुस्तक १९७२ मध्ये आले. मेंदूच्या चयापचयावर काम करणाऱ्यांना ही कामे आजही आदराने आठवतात, पण आकड्यांच्या हिशेबात ती १९५१ च्या निबंधाच्या आसपासही पोचत नाहीत.

याआधी, १९४६ मध्ये, बेसी, लाउरी आणि ब्रॉक यांनी अवघ्या पाच घन मिलिमीटर सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्तावर पोषणाच्या पाहण्या करायच्या तर एवढ्याशा नमुन्यावर भागवावे लागत होते. ‘बेसी-लाउरी युनिट’ हे एकक जुन्या पॅथॉलॉजीच्या पुस्तकांत सापडते, आणि हाही निबंध प्रचंड उद्धृत झाला.

वेगवेगळ्या ठिकाणी एकाच निबंधाची उद्धरणे वेगवेगळी का दिसतात?

प्रत्येक माहितीसंग्रह वेगळ्या गोष्टी मोजतो म्हणून. उद्धरणांची सूची करावी ही कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडली आणि १९६४ पासून त्यांच्या संस्थेची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागली. आजची ‘वेब ऑफ सायन्स’ ही तिचीच वंशज. ती निवडक नियतकालिकांतली उद्धरणे मोजते. ‘स्कोपस’ ही दुसरी सूची २००४ मध्ये आली आणि तिच्यात १९७० पूर्वीच्या लेखांच्या संदर्भयाद्या बहुतांशी नाहीत, त्यामुळे लाउरींच्या निबंधाची पहिल्या जवळजवळ वीस वर्षांची उद्धरणे तिथे बव्हंशी दिसणारच नाहीत. ‘गूगल स्कॉलर’ प्रबंध, पुस्तके, परिषदांचे लेख असे जे जालावर सापडेल ते मोजते, म्हणून तिथला आकडा बहुतेक वेळा सर्वांत मोठा असतो आणि त्यात दुबार नोंदीही शिरतात. अर्जात किंवा अहवालात आकडा देताना तो कोणत्या संग्रहातून आणि कोणत्या तारखेला घेतला, हे लिहिलेच पाहिजे.

एच-इंडेक्स म्हणजे काय, आणि लाउरींच्या बाबतीत तो काय सांगतो?

भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हा निर्देशांक सुचवला. एखाद्याच्या किमान २० निबंधांना प्रत्येकी २० किंवा अधिक उद्धरणे असतील आणि २१ निबंधांना प्रत्येकी २१ नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स २० होतो. येथे लाउरींचे उदाहरण डोळे उघडणारे आहे: तीन लाखांहून अधिक उद्धरणांचा निबंध एच-इंडेक्समध्ये फक्त एकाची भर घालतो, म्हणजे त्यांच्या कोणत्याही मध्यम उद्धृत निबंधाइतकीच. उलट एकूण उद्धरणांची बेरीज केली तर हा एकच निबंध बाकी सगळे काम झाकून टाकतो. प्रतिनिबंध सरासरी काढली तर तीही याच एका आकड्यामुळे फुगते. तीन मापे एकाच माणसाची तीन वेगळी चित्रे उभी करतात आणि त्यांपैकी एकही चित्र क्वार्ट्‌झच्या तंतूवर पेशी तोलणाऱ्या संशोधकाचे नाही. म्हणून निवड समितीसमोर एकच आकडा ठेवण्याच्या प्रथेला माझा ठाम विरोध आहे. अर्जदाराचे तीन-चार निबंध वाचायला समितीला दोन तास मिळत नसतील, तर ती समिती कशासाठी बसली आहे?

एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतच जातो, तो कधी कमी होत नाही, आणि तरुण संशोधकाची ज्येष्ठाशी तुलना करायला तो अजिबात उपयोगी नाही, हेही लक्षात ठेवावे.

सहलेखकांना श्रेय मिळते का?

१९५१ च्या निबंधावर चार नावे आहेत: ऑलिव्हर लाउरी, नीरा रोझब्रो, लुईस फार आणि रोझ रँडल. आजच्या संग्रहांत उद्धरण चौघांच्याही नावावर जमा होते. पण छापील सूचीच्या काळात उद्धृत निबंध प्रथम लेखकाच्या नावाखालीच शोधता येत असे, आणि पद्धतीलाही ‘लाउरी पद्धत’ हेच नाव रूढ झाले. नळ्यांवर प्रत्यक्ष हात चालवणारी नावे ‘व सहकारी’ या दोन शब्दांत विरून गेली.

औषधशास्त्रात कोणत्या प्रकारचे निबंध जास्त उद्धृत होतात?

पद्धती, सूत्रे, मापनश्रेणी आणि आढावा लेख. औषधाच्या दुष्परिणामाचा संबंध औषधाशी किती निश्चित आहे हे ठरवणारी नारान्हो श्रेणी १९८१ मध्ये ‘क्लिनिकल फार्माकॉलॉजी अँड थेरप्युटिक्स’मध्ये आली आणि आज दुष्परिणामाचा एखादा रुग्णवृत्तांत लिहिणारा निवासी डॉक्टर तिचा संदर्भ दिल्याशिवाय सहसा पुढे जात नाही. अवरोधकाच्या आयसी-५० वरून (क्रिया निम्म्यावर आणणाऱ्या संहतीवरून) अवरोध स्थिरांक काढण्याचे चेंग आणि प्रूसॉफ यांचे १९७३ चे सूत्रही असेच. एखाद्या नव्या रेणूचा उंदरांवरचा प्रामाणिक, कष्टाने केलेला अभ्यास मात्र पाच-दहा उद्धरणांवर थांबू शकतो, आणि त्यामुळे तो वाईट ठरत नाही. दोन वेगवेगळ्या उपशाखांतील संशोधकांची उद्धरणे शेजारी ठेवण्याआधी याचा विचार व्हायला हवा.

आपल्याकडचे असे उदाहरण आहे का, जिथे प्रभाव मोठा पण आकडे तो सांगत नाहीत?

आहे, आणि ते मुंबईचे आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या उच्च रक्तदाबावरील परिणामाचा, ५० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्पगंधा आयुर्वेदाला पूर्वापार माहीत होती; कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिच्यावर लिहिले होते, आणि रामनाथ चोप्रा यांच्या गटानेही तिचा अभ्यास केला होता. पण ते लेखन भारतीय नियतकालिकांत राहिले आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष वेधले गेले ते वकिलांच्या निबंधामुळे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे केले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांतून मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाच्या कार्याकडे बोट दाखवले, ज्या संशोधनासाठी त्यांना २००० चे नोबेल मिळाले.

या साखळीतला प्रत्येक दुवा मागच्या दुव्यावर उभा आहे, पण रेसर्पिन हाती आल्यावर लेखक रेसर्पिनचा निबंध उद्धृत करू लागतात, मुळीचा नाही. आणि पुढे रेसर्पिन पाठ्यपुस्तकात गेले की तोही संदर्भ गळतो. १९३१ च्या भारतीय लेखांची तर मोजदाद आंतरराष्ट्रीय सूचींत जवळजवळ नाहीच. आकडा कमी दिसला की प्रभाव कमी होता, असा निष्कर्ष येथे सरळसरळ अन्यायाचा ठरेल.

नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून निबंधाची प्रत ठरते का?

नाही. इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षी मिळालेल्या उद्धरणांची सरासरी आहे, एका लेखाचा गुण नव्हे. १९५१ च्या निबंधाला हे माप लावले असते, तर १९५२ आणि १९५३ मधलीच उद्धरणे हिशेबात आली असती आणि पुढच्या दशकांतली लाखो उद्धरणे बाहेर राहिली असती. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या ‘डोरा’ या संशोधन-मूल्यमापनाविषयीच्या जाहीरनाम्याने व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी हा आकडा वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

मराठी नावांमुळे नोंदींत गोंधळ होतो, तो कसा टाळावा?

हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना खरोखर भेडसावतो. ‘पाटील एस.’ किंवा ‘कुलकर्णी ए.’ या नावाने शोधले की शेकडो वेगवेगळ्या व्यक्तींचे निबंध एकत्र येतात. त्यात कधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावायचे, कधी गाळायचे, कधी आडनाव आधी लिहायचे, यामुळे एकाच व्यक्तीच्या तीन-चार नोंदी तयार होतात. लग्नानंतर आडनाव आणि मधले नाव दोन्ही बदलणाऱ्या संशोधिकांचे तर आधीचे काम दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे दिसते. उपाय सोपा आहे: पहिला निबंध पाठवण्यापूर्वीच, २०१२ पासून विनामूल्य मिळणारा ऑर्किड (संशोधकाची स्वतंत्र ओळख सांगणारा) क्रमांक काढावा, नावाचे एकच रूप ठरवून ते सर्वत्र वापरावे, आणि गूगल स्कॉलरच्या पानावर आपोआप जमा झालेले दुसऱ्यांचे निबंध वर्षातून एकदा तरी काढून टाकावेत. दुसऱ्याची उद्धरणे आपल्या नावावर दिसत असताना गप्प बसणे हा अप्रामाणिकपणाच आहे.

मागे घेतलेल्या निबंधाची उद्धरणेही मोजली जातात का?

होय, आणि औषधशास्त्रात ही बाब गंभीर आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील एका भूलतज्ज्ञाच्या, शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशामकांवरील २१ निबंधांतील माहिती बनावट असल्याचे उघड झाले. तोवर त्यांचा आधार घेऊन इतरांनी लेखन केलेले होते. निबंध मागे घेतला तरी जुन्या याद्यांतून नक्कल होत त्याचे उद्धरण चालूच राहते. संदर्भ देण्यापूर्वी नियतकालिकाच्या पानावर ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का आहे का, हे पाहण्यास एक मिनिटही लागत नाही.

प्रबंधात लाउरी पद्धत वापरली तर आज संदर्भ कोणता द्यावा?

प्रयोगशाळेत प्रत्यक्षात जे केले, त्याचा. मूळ प्रमाणे आणि वेळा पाळल्या असतील तर १९५१ चा निबंध, नंतर सुधारलेली पद्धत वापरली असेल तर त्या सुधारणेचा, आणि तयार किट वापरले असेल तर किटचे नाव आणि उत्पादक. ब्रॅडफोर्ड पद्धत किंवा प्रथिने मोजण्याचीच १९८५ ची बीसीए पद्धत वापरून सवयीने लाउरींचा संदर्भ देऊ नये. प्रमाणित प्रथिन म्हणून गोवंशीय अल्ब्युमिन घेतले की दुसरे काही, हेही लिहावे, कारण प्रथिनागणिक रंग बदलतो. बफरमध्ये ट्रिस, ईडीटीए किंवा डिटर्जंट असेल तर तेही नमूद करावे. हे पदार्थ रंगात ढवळाढवळ करतात, आणि तुमचा प्रयोग पुन्हा करू पाहणाऱ्याला संदर्भाच्या ओळीपेक्षा या माहितीची गरज अधिक असते.